काळी क्लिप

भिवंडीत यंत्रमागांचे, म्हणजे लूमचे, इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्या आमच्या काकांना तोंडी सांगितलेलं पटत नाही. "सप्लाय बरोबर आहे," म्हटलं की मान न उचलता म्हणतात, "सांगू नको, दाव." मग लॅपटॉपला जोडलेली स्कोपची छोटी डबी पुढे सरकवतात आणि पडद्यावर विजेची लाट दिसेपर्यंत पुढचं काम करत नाहीत.

आठवीत शाळा सोडून उमरखेडहून आलेल्या मला त्यांनी त्या डबीला हात लावू दिला, हेच मला फार होतं. आणि गेल्या महिन्यात मी तिची अर्थिंगची काळी क्लिप घाईत बोर्डावर थेट लाइनची वीज येते त्या मेनच्या बाजूला लावली. फट् झालं. डबी गेली, लॅपटॉपही गेला.

"जा आता गावाला, शेळ्या राख," शेजारच्या टेबलावरचा कारागीर हसला. मी खरंच जेवणाचा डबा पिशवीत भरायला लागलो.

"तू नको हसू," काका त्याला म्हणाले. "तू तर माझं टेबल जाळलं व्हतंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डबी आणि आपल्या मुलीचा लॅपटॉप आणला, तोच बोर्ड माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. "आधी मीटर लाव. व्होल्टेज न्हाय, तिथंच क्लिप."

दोन जागी मीटरवर आकडा आला, त्या मी सोडल्या. तिसऱ्या जागी शून्य आलं. तिथं क्लिप लावली आणि डबीची सुई तपासायच्या जागी टेकवली. पडद्यावर लाट उमटली.

काकांनी हात पुढे घेतले आणि घामेजलेले तळवे पँटला पुसले.

"आजचे सगळे बोर्ड तूच तपासायचे," ते म्हणाले.