धुतलेली शिट्टी

त्यांनी शिट्टी धुतली.

मी ती तोंडातून काढली, दोरीला धरून पुढे केली. त्यांनीही दोरीलाच धरून घेतली. पायाशी पाण्याची बाटली होती. ती उचलली, झाकण उघडलं आणि शिट्टीवर पाणी ओतलं. फिरवून फिरवून ओतलं. आधी तोंडाकडची बाजू, मग पोट, मग पुन्हा तोंडाकडची बाजू. पाणी मातीवर पडत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मग त्यांनी शिट्टी वाजवली. वाजली नाही. आतली गोळी भिजली होती. घशात पाणी अडकलेल्या माणसासारखा आवाज आला.

सगळे हसले.

"गोळी भिजली हो! झटका, झटका," प्रशिक्षक म्हणाले.

त्यांनी झटकली. थेंब उडाले. एक माझ्या बुटावर पडला.

ठिकाण, नगरच्या सावेडीतल्या एका शाळेचं मैदान. वेळ, शनिवारची सकाळ. प्रसंग, फुटबॉल रेफरींचं शिबिर. मी तेव्हा एका दैनिकाच्या क्रीडा पानावर काम करत होते. बातमी लिहिण्याची सवय आहे, म्हणून क्रमाने सांगते.

सावेडीत दर रविवारी सकाळी हौशी लोक फुटबॉल खेळतात. डॉक्टर, दुकानदार, बँकेतले, क्लासवाले. पोटं सुटलेली, बूट महागाचे. टीम वाढल्या तशी भांडणं वाढली. गोल झाला की नाही यावरून दोन डॉक्टरांनी एकमेकांची कॉलर धरली, तेव्हा ठरलं की रेफरी तयार करायचे. खेळ माहीत असलेल्या लोकांना दोन दिवस शिकवायचं. जे चांगले निघतील त्यांना रविवारच्या मॅचेस द्यायच्या.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे. मग गुडघा गेला. मैदानाच्या मध्यावर परत उभं राहायचा एकच रस्ता उरला होता. शिट्टी. मला मधला रेफरी व्हायचं होतं. त्या शिबिरात मी एवढ्यासाठीच गेले होते.

सकाळी ओळखी झाल्या. मी नाव सांगितलं, दैनिकाचं नाव सांगितलं. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "आडनाव?" त्यांचे दहावी-बारावीचे क्लासेस आहेत. सगळे त्यांना क्लासवालेच म्हणतात, मीही तेच म्हणते. मी आडनाव सांगितलं.

"मूळचे नगरचेच का?"

"भिंगार."

"भिंगारमध्ये कुठं?"

मी सांगितलं.

"अच्छा."

हा अच्छा ज्याला ऐकावा लागतो त्याला तो कळतो. दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. आवाज बदलत नाही, हसू जात नाही. माणूस फक्त खुर्चीतल्या खुर्चीत थोडा मागे टेकतो.

नंतर शिट्टी आली. प्रशिक्षक बाहेरगावचे होते, निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. शिट्टी एकच. तीच सगळ्यांनी ओळीने वाजवायची. "प्रत्येकाने आपापली आणली की मला फुंक कळत नाही. शिट्टी तीच असली की फरक फुंकेतला," ते म्हणाले. साध्या फाऊलची छोटी. पेनल्टीची कडक. खेळ संपल्याची लांब. वाजवायची, टी-शर्टला पुसायची, पुढच्याला द्यायची.

सगळ्यांनी तसंच केलं. माझ्या आधी दाताच्या डॉक्टर मॅडम होत्या. आमच्यात बायका दोघीच. त्यांच्या लिपस्टिकचा डाग शिट्टीवर राहिला, तो मी अंगठ्याने पुसला आणि वाजवली. त्यांच्या आधी एका जाड दुकानदाराने वाजवली होती, तो तंबाखू खातो. त्याच्या पाठोपाठ मॅडमनी वाजवली. टी-शर्टला पुसून.

मग मी. मग क्लासवाले. मग पाणी.

तिथे बसलेली सगळी माणसं सकाळपासून फाऊल ओळखायला शिकत होती. कुठला जाणूनबुजून, कुठला चुकून, धक्का कुठे संपतो आणि खेळ कुठे सुरू होतो. समोर फाऊल झाला. सगळ्यांनी पाहिला. कुणी शिट्टी वाजवली नाही.

मीही वाजवली नाही. माझ्याकडे शिट्टी नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस. बापाच्या वयाचा.

"मनाला लावून घेऊ नकोस, बेटा. कोरोनापासून लोकांना सवय लागली आहे. हायजीन."

"सर, बाकी सगळ्यांनी पुसून दिली."

"असेल. पण रेफरीला सोडून देता आलं पाहिजे. सकाळी काय शिकवलं? अॅडव्हान्टेज. प्रत्येक फाऊलला खेळ थांबवला तर खेळ होईल का?"

मी मान हलवली. डब्यातली भाकरी तशीच घरी आणली.

दुपारी पुढची कामं वाटली. ज्यांना मध्यावर उभं करायचं ते निवडले. मला लाइन दिली. म्हणजे कडेने पळायचं, झेंडा दाखवायचा, निर्णय मधल्याने घ्यायचा. प्रशिक्षक म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे." तंबाखूवाला दुकानदार म्हणाला, "झेंडा तर यांना जमणारच. दर एप्रिलला मिरवणुकीत सराव असतो." दोघंतिघं हसले. डॉक्टर मॅडम मोबाईलमध्ये बघत राहिल्या. मी झेंडा घेतला आणि कडेला जाऊन उभी राहिले.

माझे वडील, अण्णा, भिंगारच्या लष्करी हद्दीत सिव्हिलियन कामगार होते. मैदान राखायचे. मॅचच्या आधी फक्कीने रेषा मारायचे. मधलं वर्तुळ त्यांच्याइतकं गोल कुणाचं यायचं नाही, असं साहेब लोक म्हणायचे. वर्तुळ मारून झालं की फक्कीचं घमेलं उचलायचं आणि बाहेर यायचं. लहानपणी मी कडेला बसून बघायचे. फक्कीची धूळ बसायच्या आत ते बाहेर आलेले असायचे.

संध्याकाळी घरी आई कुकर लावत होती. त्याची शिट्टी नीट बसली नव्हती, फुरफुरत होती. तोच आवाज. मी उठून गॅस बंद केला.

"अगं, अजून झालं न्हाई," आई म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पानी नळाचं का बाटलीचं?"

"बाटलीचं."

"म्हंजी प्यायचं."

एवढंच. ते उठून बाहेर जाऊन बसले. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. मी दाराशी गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढी वर्तुळं मारली. मधी उभं ऱ्हाऊन कसं दिसतं, ठावं न्हाई मला."

रविवारी प्रत्यक्ष मॅच होती. डॉक्टरांची टीम विरुद्ध व्यापाऱ्यांची. निवडलेल्या शिकाऊंनी आळीपाळीने मध्यावर उभं राहायचं होतं. एकाची पाळी संपली की खेळ थांबायचा, शिट्टी पुसून पुढच्याला जायची, त्याने वाजवली की खेळ पुन्हा सुरू. मी झेंडा घेऊन प्रशिक्षकांकडे गेले. "मलाही पाळी हवी," म्हटलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. क्लासवाल्यांनंतर तू."

क्लासवाल्यांची पाळी संपली. मी मैदानात गेले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, "या ताई," म्हणाले, आणि माझ्या शेजारून पुढे गेले. शिट्टी प्रशिक्षकांना दिली.

प्रशिक्षकांनी ती गळ्यात घातली. खिशातून एक पाकीट काढलं. आत नवी शिट्टी. पिवळी, चकचकीत.

"ही तुझी. नवी कोरी. आमच्याकडून भेट. नगरमधली नावाजलेली महिला रेफरी होशील तू!"

टाळ्या वाजल्या. डॉक्टर मॅडम कडेवरून ओरडल्या, "सर, आम्हाला नाही का? हिचेच लाड!"

माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. बाहेर खांबापाशी ठेवलेली. स्वतः धुवून स्वतः ठेवायची. ती मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे ती कान तुटलेली, काळवंडलेली असायची. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की तीही एके काळी नवी कोरी असणार. हॉटेलवाल्याने ती बाजारातून निवडून आणली असणार. देताना तो कदाचित हसलाही असेल.

मी पाकीट घेतलं नाही.

"सर, कालपासून सगळ्यांची शिट्टी एक आहे. मला तीच द्या."

"अगं, ही जास्त चांगली आहे."

"मग ही सगळ्यांना द्या."

प्रशिक्षकांचा हात तसाच पुढे राहिला. ते हळू आवाजात म्हणाले, "काल काय सांगितलं तुला? सोडून द्यायला शिक."

"सर, अॅडव्हान्टेज कुणाला द्यायचा? ज्याच्यावर फाऊल झाला त्याला. सोडून दिल्याने त्याचा फायदा होत असेल तरच सोडायचं. तुम्हीच शिकवलंत."

मी चालत मध्यावर गेले. वर्तुळाच्या आत, ठिपक्यावर उभी राहिले. हातात काही नाही. बॉल माझ्या पायाशी. रेफरीच्या शिट्टीशिवाय खेळ सुरू होत नाही, हा पहिला नियम. दोन्ही टीम उभ्या होत्या.

"ओ ताई, चालू करा की! ऊन चढायलंय," एक व्यापारी ओरडला.

डॉक्टरांचा गोलकीपर म्हणाला, "शिट्टीचा साखरपुडा चाललाय का तिकडं?"

लोक हसले. मग हसायचे थांबले. मी हलले नाही. तिथून सगळं मैदान दिसत होतं. चारही कोपरे, दोन्ही गोल, कडेला उभी असलेली माणसं. त्यांचे चेहरे तिथून लहान दिसत होते.

शेवटी प्रशिक्षक आले. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. मी ती टी-शर्टच्या बाहीला पुसली. सगळे पुसत होते तशीच. वाजवली. कोरडी, स्वच्छ वाजली.

माझी पाळी नीट झाली. एक फाऊल दिला. "खेळू द्या, खेळू द्या!" असा ओरडा झाला. मी खेळू दिलं नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती.

पाळी संपली. मी शिट्टी बाहीला पुसली आणि पुढच्याला दिली. बँकेतला तरुण मुलगा. शिकलेला, हसतमुख. त्याने शिट्टीकडे पाहिलं, प्रशिक्षकांकडे पाहिलं. मग प्रशिक्षकांनी ते पाकीट फोडलं आणि पिवळी शिट्टी त्याला दिली.

"ही वापर. तीच म्हणाली ना, सगळ्यांना द्या."

त्याने वाजवली. टी-शर्टला पुसली. पुढच्याला दिली. त्याने पुसली, वाजवली. उरलेली सगळी मॅच त्या पिवळ्या शिट्टीवर झाली. माझ्यानंतरचा एकही माणूस माझी शिट्टी तोंडाला लावायला तयार झाला नाही, आणि कुणालाही तसं म्हणावंसुद्धा लागलं नाही. जुनी शिट्टी माझ्या हातात राहिली. जाताना प्रशिक्षक म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. आठवण."

घरी अण्णांनी विचारलं, "वाजवली का?"

"हो. मध्यावर उभं राहून."

"कसं दिसतं?"

"सगळं दिसतं, अण्णा."

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. ते दोन वर्षांपूर्वी गेले. सांगायचं राहूनच गेलं.

रविवारच्या मॅचेससाठी फोन येऊ लागले. प्रत्येक वेळी लाइनसाठी. "ताई, झेंड्याला माणूस कमी आहे." मी सांगितलं, मध्यावर उभं करणार असाल तर येते. मग फोन बंद झाले. शिबिराची बातमी आमच्याच पानावर आली होती, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. शिबिर उत्साहात पार पडले. त्यात चूक एकही नव्हती.

शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. कधी कधी काढून वाजवायचे. कोरडी होती, तरी वाजवण्याआधी कानात तो घुसमटलेला आवाज यायचा. अजून येतो. दर वेळी.

मग राजूरच्या एका शिक्षकाचा फोन आला. डोंगरातल्या गावांच्या टीम बाजाराच्या दिवशी मॅच खेळतात, रेफरी नाहीत, कुणीतरी शिकवायला या. मी गेले. आता नेहमी जाते. मीच शिकवते. मुलं असतात, मुली असतात. डोंगरातली असतात, खालच्या बागायतदारांच्या घरचीही असतात. ओळख करून देताना फक्त नाव सांगायचं. आडनाव विचारलेलं चालत नाही.

शिट्टी एकच. तीच जुनी. आधी सांगते, कुणाला आजाराची भीती असेल तर आत्ता बोला. बादली ठेवू आणि पहिल्या फुंकेपासून धुवू. माझी फुंक पहिली, माझ्यापासून धुवू. प्रत्येकाच्या नंतर. एकालाही सोडायचं नाही. नको असेल तर सगळ्यांनी पुसायची. मध्येच कुणा एकासाठी पाणी येणार नाही.

आज सगळे म्हणाले, पुसू. शिट्टी ओळीने फिरली. ठाकरवाडीतल्या एका मुलीने वाजवली, इतकी कडक की झाडावरचे कावळे उडाले. तिने ओढणीला पुसली आणि पुढच्या मुलाला दिली. बागायतदाराचा मुलगा. त्याने दोरीला धरून घेतली. मग त्याचा दुसरा हात बाटलीकडे गेला.

"थांब," मी म्हणाले.

तो थांबला. बाटलीचं झाकण अर्धं उघडलेलं. ती मुलगी जमिनीकडे बघत होती. तिला काय ऐकू येतंय ते मला माहीत होतं.

"काय झालं, ताई?"

"बाटली खाली ठेव."

"ताई, नुसतं पाणी तर हाय."

"खाली ठेव."

तो हसला. आजूबाजूला बघितलं, कुणी हसतंय का. "मॅचला उशीर व्हायलाय की ताई. टीम येऊन थांबल्यात."

मी चालत मध्यावर गेले. ठिपक्यावर उभी राहिले.

टीम थांबतील. ऊन चढेल, बाजार उठेल. त्याच्या हातातली बाटली खाली येईपर्यंत या मैदानावर खेळ सुरू होणार नाही. आज नाही, आणि मी मध्यावर उभी आहे तोवर कधीच नाही.