मिस कॉल उचलायचा नसतो

चाकणच्या ज्या कंपनीत मी तपासणीला आहे, तिथे कॅमेऱ्याचा फोन आत चालत नाही. गेटवर जमा करायचा, सुटताना रांग लावून परत घ्यायचा, आणि तोवर बसमधल्या खिडकीच्या जागा गेलेल्या असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे परवडत नाही. म्हणून मी बटणाचा फोन ठेवला, आणि तो माझा कसा जीव खातो ते माझं मलाच माहीत.

पाचाचं बटण चार वेळा दाबावं तेव्हा एकदा उमटतं. पिशवीत डब्याला घासून त्याची टॉर्च आपोआप लागते, मग संध्याकाळी बॅटरी मेलेली. नंबर दाबायला लागलं की आतली बाई एकेक आकडा इंग्रजीत ओरडते, म्हणजे मी कुणाला लावतेय ते अख्ख्या बसला कळतं. मेसेजची जागा भरली की नवा आत येत नाही, आणि बँकेचा ओटीपी नेमका तेव्हाच येतो. नावं इंग्रजी अक्षरांतच साठवावी लागतात. मला ती अक्षरं जेमतेम जमतात, म्हणून मी माणसांऐवजी ठिकाणं साठवली आहेत. नणंद म्हणजे नुसतं ‘निगडी’. आणि ‘दापोडी’ म्हणजे माझी जोडीदारीण.

एकाच टेबलावर समोरासमोर बसून आम्ही दोघींनी नऊ वर्षं गाड्यांच्या वायरी तपासल्या. कुठे पिन वाकलीय, कुठे रंग चुकलाय, दिवसभर खोट काढायचं काम. माझा नवरा म्हणतो, ही घरी आली तरी हिची शिफ्ट सुटत नाही. म्हणू दे. मी संशयी आहे हे मला कुणी सांगायला नको.

कंपनीची बस दापोडीहून निघते, नाशिक फाट्याला थांबते आणि भोसरी, मोशी करत चाकणला जाते. मी कासारवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बस दापोडीतून हलली की ती मला एक मिस कॉल द्यायची. एक रिंग, म्हणजे बस निघाली, जिना उतर. दोन रिंगा म्हणजे आज मी येत नाही, तुझी जागा तूच बघ. जाताना-येताना माझी खिडकी तीच धरायची, गुडघ्यांमुळे मला पळवत नाही. मलाही सुट्टी असली की मी आदल्या संध्याकाळीच दोन रिंगा द्यायची, म्हणजे तिची सकाळची खटपट वाचायची. आणि मिस कॉल उचलायचा नसतो, हा नियम मीच घातला होता. तेव्हा उचलला की समोरच्याचा बॅलन्स जायचा. आता एकदा रिचार्ज मारला की बोलणं फुकटच असतं, पण नऊ वर्षांत आम्ही सकाळी फोनवर एक शब्द बोललो नाही.

मग तिच्या लेकीने तिला मोठा फोन घेऊन दिला. बोटाने सरकवायचा, कॅमेऱ्याचा. त्याच आठवड्यात कॅन्टीनला कुजबुज सुरू झाली की तपासणीचं मशीन येणार आणि आमच्या टेबलावर एकच बाई लागणार. कुणी म्हणे सुपरवायझरने बायकांचा ग्रुप केलाय, सगळं त्यावर येतं. माझ्या फोनात कसला ग्रुप आलाय. नवऱ्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती, घर माझ्या हजेरीवर चाललं होतं. टेबलावरची ती एक बाई मीच असायला हवी होते. दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

त्यात तिचा मला मेसेज आला. उघडून बघते तर नुसते चौकोन. एकापुढे एक, दोन ओळी भरून रिकामे चौकोन. मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘मावशी, मराठीत आलाय. तुमचा फोन मराठी दाखवत नाही. द्या इकडे, माझ्या फोनात घेऊन वाचून देतो.’’ मी काही फोन दिला नाही. त्याच्या फोनात माझा मेसेज कशाला? आणखी काय काय उतरवून घेईल कुणी सांगावं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने विचारलं, ‘‘ताई, मेसेज मिळाला का गं?’’

‘‘हो, मिळाला,’’ मी म्हणाले.

‘‘मग काय वाटलं?’’

‘‘बरा आहे.’’

ती हसली. माझ्या मनात पाल चुकचुकली. नऊ वर्षं जी तोंडाने बोलतेय तिला एकाएकी लिहावंसं का वाटलं? आणि तेही मला वाचता येणार नाही असं? कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

चार दिवसांनी पुन्हा तसेच चौकोन आले, सकाळी, मिस कॉलच्या आधी. त्या दिवशी गेटवर ती रांगेत थांबलीच नाही. गार्डने विचारलं तर म्हणाली, फोन घरी विसरला. दुपारी जेवताना तिच्या पिशवीत डब्याखाली मला फोनचा काळा कोपरा दिसला. आत फोन, म्हणजे सुपरवायझरशी आतून संधान, असं मी धरूनच चालले. आमच्या तपासलेल्या मालाचे फोटोही काढत असेल, माझ्या हातून सुटलेली एखादी खोट दाखवायला.

मी कुणाचं नाव घेतलं नाही, हे मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. मी गार्डला एवढंच म्हणाले, ‘‘दादा, नुसतं विचारून काय होतंय? पिशव्या पण बघत जा जरा.’’

सुटताना त्याने पिशव्या उघडायला लावल्या. तिचा फोन निघाला आणि गेटपास तिथेच काढून घेतला, म्हणजे कामच गेलं. ती बसमध्ये चढलीच नाही, ऑफिसबाहेर उभी होती. मी खिडकीत बसले होते. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. एक रिंग, दोन, तीन, वाजतच राहिला. स्क्रीनवर दापोडी. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. नवरा म्हणाला, ‘‘उचल की.’’ मी म्हणाले, ‘‘आमच्यात उचलत नाहीत.’’

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज सकाळी एकच रिंग यायला लागली, बस दापोडीतून हलायच्या वेळेला. तिचा पास गेलेला, तिला बसशी काय देणंघेणं? मला धडकी भरली. ही मला रोज आठवण करून देतेय, म्हटलं. मी विसरू नये म्हणून डिवचतेय. दिवसाआड चौकोनही यायचे, कधी ओळभर, कधी पडदा भरून. न वाचता मी पुसायचे. पण खरं सांगते, त्या एका रिंगवरच मी जिना उतरत होते आणि माझी बस एकदाही चुकली नाही. हे कळत होतं, आणि त्याचीही मला चीड यायची.

दीड महिना गेला, मशीन काही आलं नाही. शेवटी मीच सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, ‘‘कुठलं मशीन? ते पलीकडच्या शेडसाठी होतं. तुमच्या टेबलाला उलट दोन बाया कमी पडतायत.’’ ग्रुपचंही विचारलं, तर त्याला कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. नंतर मी टेबलावर बसले आणि वायरी हातात घेतल्या, पण मला रंग दिसेनात.

त्या संध्याकाळी मी घराच्या गॅलरीत उभी राहून दापोडीला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. एक रिंग गेली, दुसरी गेली. मग मी कट केला. उद्या लावू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून, चपला घालून मी दारात उभी राहिले. फोन वाजला नाही. चार्जिंग बघितलं, रेंज बघितली, सगळं ठीक होतं. कळलं हिला, मी मनात म्हटलं. गार्डने सांगितलं असणार. मी वाट बघत उभी राहिले आणि खिडकीतून बघते तर बस नाशिक फाट्यावरून निघून गेली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी चाकणकडे गेलेच नाही. उलट्या दिशेची बस धरून दापोडीला उतरले. रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत तिचं घर आहे, हळदीकुंकवाला नाही पण तिच्या लेकीच्या साखरपुड्याला मी तिथे गेले होते. ती दारात मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, ‘‘अगं, तू काल दोन रिंगा दिल्यास ना? मला वाटलं सुट्टी घेतलीस.’’

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. माझं धाडस दोन रिंगांवर संपलं होतं, आणि तिने नियमाप्रमाणे त्याचा अर्थ लावला होता. मी उंबऱ्यातच बसले.

‘‘पिशव्या बघायला मी सांगितलं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘माहितीय. गार्डनं मला त्याच दिवशी सांगितलं.’’ ती मेथी निवडतच होती. ‘‘भांडायला फोन केला, तर तू कट केलास.’’

‘‘मग रोज मिस कॉल कशाला देत होतीस?’’

‘‘दूध आणायला जाते तेव्हा बस समोरूनच निघते. तिकडं तुझं घर तुझ्यावर चाललंय. तुझी बस चुकवून मला काय मिळणार होतं?’’ मग तिने जुडी खाली ठेवली. ‘‘आणि मी काही देवमाणूस नाही हां, ताई. शिव्या भरपूर दिल्यात तुला. मेसेजमध्ये. वाचून गप्प बसतेस म्हणून आधी आणखी राग यायचा. मग सासूच्या फोनवर एक पाठवून बघितला, तिचा फोन तुझ्यासारखाच आहे. नुसते चौकोन. तेव्हा कळलं तू एकही वाचला नाहीस. मग तर आणखी मोकळेपणानं दिल्या.’’

मला हसूही आलं आणि रडूही. मला लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही. मी म्हणाले, ‘‘मी पुसले सगळे. तुझ्याकडे असतील तर वाचून दाखव.’’

‘‘राहू दे.’’

‘‘नाही, वाच. पहिल्यापासून वाच.’’

तिने हात पुसले, आतून चष्मा आणला आणि बोटाने पडदा खूप वेळ वर सरकवत राहिली.

‘‘हा पहिला,’’ ती म्हणाली आणि शाळेत वाचतात तसं वाचायला लागली. ‘‘ताई, हा माझा नवीन फोन. मी बोलते आणि हा लिहितो. पहिला मेसेज तुलाच.’’

तिने पुढचा वाचला. ‘‘ताई, आज फोन पिशवीतनं आत नेते. काल गेटवर रांगेत थांबले तर तुझी खिडकी गेली आणि तू मोशीपर्यंत उभी होतीस.’’

तिसऱ्यापासून शिव्या होत्या. ती मधे थांबून माझ्याकडे बघायची, पुढे वाचू का म्हणून, आणि मी मान हलवायची. मेथी तशीच पडली होती. तिने सगळे वाचले, आणि मी सगळे ऐकून घेतले.