बारकीचे रुपये

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही मनात दुसरंच काहीतरी बोलत राहते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच.

मी ऊठसूट डोळे पुसणारी बाई नाही, हे आधी सांगून ठेवते. चिंचणीची आमची वाडी — चिकू, नारळ, थोडा भाजीपाला — सासरे गेल्यापासून मीच पाहत आले. ह्यांची बोईसरला कारखान्यात पाळीची नोकरी. चिकू उतरवायचे, बाया लावायच्या, पंप बिघडला तर माणूस बोलवायचा, सगळं माझ्याकडे. बाई व्यवहाराची आहे, असं लोक म्हणत. ते मला आवडायचं. अजून आवडतं, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — हे माझ्या तोंडी किती सहज येतं बघा.

तर पाईपापासून सुरुवात करते. विहिरीपासून टाकीपर्यंत सासऱ्यांनी लोखंडी पाईप पुरला होता. तो कुठून कसा नेला, हे फक्त त्यांना माहीत. एका उन्हाळ्यात तो कुठेतरी फुटला आणि टाकीत पाणी चढेना. सगळी वाडी खणणार का? ह्यांच्या कारखान्यात जमिनीखालचा धातू शोधायचं एक यंत्र होतं. ते साहेबांना विचारून त्यांनी सुट्टीपुरतं घरी आणलं. लांब दांडा, खाली थाळीएवढं चक्र, कानाला लावायला भोंगे. धातूवरून गेलं की कानात कुंई वाजायचं.

हे मला म्हणाले, "पायातली जोडवी काढ आधी. नाहीतर दिवसभर स्वतःलाच शोधत बसशील."

मी जोडवी काढली. हे रात्रपाळी करून आलेले, आत जाऊन झोपले. मी एकटीच यंत्र घेऊन फिरले. पाईप सापडला, फुटका सांधाही सापडला, खुणेला काठी रोवली. तिथेच थांबायचं होतं. पण हातात यंत्र आहे, तर विहिरीपलीकडे दुसरा फाटा तर नेला नाही ना, ते बघून घ्यावं म्हणून मी पलीकडच्या पडीक तुकड्यात गेले. तिथे आवाज आला. चांगला खणखणीत. मी कुदळ आणली.

हातभर खोल पितळेची लोटी निघाली. तोंडाला बांधलेलं फडकं बोट लावताच सुटून आलं. आत चांदीचे रुपये — राजाच्या आणि राणीच्या तोंडाचे, काळे पडलेले. त्यातल्या एकाला कडी डाखवलेली होती, माळेत ओवायला असते तशी.

ते कुणाचे, हे मला तिथल्या तिथे कळलं.

आता मागे जावं लागेल. मला मागे जायला आवडत नाही.

आमच्या वाडीत राखणीला एक वारली कुटुंब होतं. लखमा, त्याची बायको बारकी, मुलगा देवजी. बारकीच्या आईच्या गळ्यातली रुपयांची माळ तिच्याकडे आलेली. ती मोडून, त्यात आणखी घालून त्यांनी रुपये साठवले होते, झोपडीच्या मधल्या मेढीपाशी, म्हणजे खांबाशी, पुरून. कडीवाला रुपया बारकीने मला एकदा दाखवला होता. "माझे आयचा हाय," म्हणाली होती. देवजीने शुक्री नावाची मुलगी घरात आणली, पण लगीन झालं नव्हतं. त्यांच्यात तसं चालतं. मुलगी नांदायला येते, आणि जेवण-ताडीपुरता पैसा जमला की मग लगीन लागतं, कधी कधी मूल झाल्यावरसुद्धा. ते रुपये त्या लग्नासाठीच होते.

मधे लखमाची आई झोपडीत वारली. ज्या घरात माणूस गेलं तिथे ते लोक राहत नाहीत. त्यांनी विहिरीपलीकडची ती झोपडी मोडली आणि विहिरीच्या अलीकडे नवी बांधली. लोटी लखमाने नव्या मेढीपाशी आणून पुरली, असं बारकी धरून चालली. त्याने ती आणलीच नव्हती. का आणली नाही, ते विचारायला तो राहिला नाही. दुसऱ्या वर्षी ताडावरून पडून गेला.

पुढे लग्नाचं ठरलं. बारकीने मेढीपाशी उकरलं. काही नाही. सगळी झोपडी उकरली. काही नाही. जुन्या जागी जाऊन बघायचं तिच्या मनातही आलं नाही. जिथे मरण झालं ती जमीन ते उकरत नाहीत. आणि माझ्या? माझ्या मनात यायला काय हरकत होती? मला तर तो वाडीचा एक पडीक तुकडा होता, बस.

बारकी ऊर बडवत माझ्याकडे आली. "बाय, तुमीच बगा आता! माझे पोराचं लगीन होतं त्यात!" मी गेले. पदर खोचून गेले. घरात दिवसभर एकटी कोण असते? शुक्री. मग दुसरं कोण घेणार? माझा हिशोब तेवढाच. ती स्वतःच्याच लग्नाचे रुपये कशाला चोरेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. की पडला आणि मी बाजूला सारला?

मी चार बायांसमोर तिचं गाठोडं सोडलं. तिच्या अंबाड्यात बोटं घालून पाहिली. गाठोड्यात एक लुगडं, फणी, आणि माझ्या अंगाच्या साबणाचा तुकडा. तो वासाचा गुलाबी साबण वाडीत फक्त आमच्याकडे होता. मी तो उचलून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "साबण उचलते, ती रुपये सोडेल?"

शुक्री म्हणाली, "बायनीच दिलाय मना. इचारा बायला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

माझ्या धाकटीच्या वेळी मी अंथरुणात असताना शुक्रीनेच बाळाचे कपडे धुतले होते. तेव्हा तो साबण मी तिला दिला होता. माझ्या हाताने दिला होता. आणि हे मला नंतर आठवलं असं नाही. तिने म्हटल्याक्षणी आठवलं. पण तुकडा माझ्या हातात वर धरलेला होता. तो खाली कसा आणायचा?

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

एवढंच. त्या दुपारी देवजीने तिला तिच्या आईबापाकडे नेऊन सोडलं. लगीन लागलेलं नव्हतं, मोडायला काही नव्हतंच. साबण मी परत घेतला आणि — हेही सांगून टाकते — वापरून संपवला.

तर ती लोटी हातात घेऊन मी त्या खड्ड्याशी बसले होते. समोर, विहिरीच्या त्या बाजूला, बारकी नव्या झोपडीच्या दारात सुके बोंबील निवडत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. शुक्रीच्या जागी देवजीने दुसरी बायको केली होती, पण म्हणून शुक्रीचं नाव धुऊन निघालं नसतं का? निघालं असतं. आणि मग साबणाची गोष्टही निघाली असती. त्या चार बाया अजून आमच्याकडेच कामाला होत्या.

मी लोटी पदराखाली घेतली आणि खड्डा बुजवला. वर पालापाचोळा पसरला. ह्यांनी उठल्यावर विचारलं, "सापडला का?" मी म्हटलं, "सापडला." पाईपाबद्दलच विचारत होते ते.

ते रुपये पालघरला एका सोनाराकडे नेऊन मोडले. कडीवालासुद्धा. चांदी वितळली की ती कुणाची ते कळत नाही. पैसे मी ठेवले नाहीत — आणि हे मी माझ्या बाजूने सांगते आहे असं समजू नका, पुढे ऐका. त्या पैशांतून मी बारकीच्या झोपडीवर कौलं घातली. तिच्याच पैशांनी. आजूबाजूच्या वाड्यांत झालं, बाई मनाची मोठी. बारकी येणाऱ्याजाणाऱ्याला वर बोट करून दाखवायची, "माझे बायनी घातली." मरेपर्यंत ती मला दुवा देत राहिली आणि शुक्रीला शिव्या. दोन्ही माझ्यासमोर. मी ऐकत असे. कधी मान डोलवत असे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित हे सांगितलंही नसतं. निगरगट्ट असतो माणूस.

बारकी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, जून महिन्यात, मी वाणगावला नणंदेकडे गेले होते. परतताना स्टेशनाबाहेर बाया शेवळं, पावसाच्या तोंडची रानभाजी, घेऊन बसल्या होत्या. एकीपुढे वाकून मी जुड्या बघत होते.

"बाय, वळखलं नाय ना?"

शुक्री. केस पांढरे झालेले, पुढचा दात पडलेला. हसली. माझ्या मुलींची विचारपूस केली. धाकटीचं नाव तिच्या लक्षात होतं. स्वतःचं म्हणाली, सालवडला खोल्यांत राहते, नवरा कारखान्यात हमाली करतो, बरं हाय. मी जुड्या चाचपत राहिले.

मग तिने विचारलं, "म्हातारीचे रुपये गावले का गो बाय कंदी?"

मी दुसरी जुडी उचलून बघायला लागले. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. पुढे सरकून हळूच म्हणाली, "माझी आय मरताना बी मना इचारीत होती. खरं सांग पोरी, घेतलेस का? मी बोलली, नाय गं आये. तिना नाय पटला. म्हणून इचारते. गावले आसते तर बरा झाला आसता."

माझ्या आणि तिच्या मधे शेवळांची टोपली होती, एवढंच अंतर. ओळखीचं कुणी आसपास नव्हतं. त्या चार बायांतल्या दोघी मरून गेल्या होत्या, बारकी नव्हती, माझं जाणार काय होतं? काहीही नाही. आणि ती काय मागत होती? पैसे नाही. माझी माफी नाही. साबणाचं तर तिने नावही काढलं नाही. तिला फक्त एक "हो" हवं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "कुठले सापडायला?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं का? मला माहीत नाही. मग तिने मान खाली घातली आणि दोन जुड्या बांधून दिल्या. शेवळं खाजरी, काकडाच्या आंबट फळांशिवाय घशाखाली उतरत नाहीत. जुडीबरोबर चारदोन काकडं देतात तशी तिने दिली. मग परत टोपलीत हात घातला आणि आणखी मूठभर काढली.

"घे बाय. नाय तं पोरींचा गळा खाजल."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

रात्री भाजी केली. चांगली झाली होती. कुणाचाच गळा खाजला नाही.