बेळ्ळंदूरची प्लास्टिकची बदकं

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी मला एक म्हातारा भेटला. गोणपाटावर प्लास्टिकच्या बदकांची धडं, माना आणि शिशाची वजनं मांडून तो ती जोडत बसला होता. शिकारी अशी बदकं पाण्यात सोडतात, म्हणजे खरी बदकं फसून शेजारी उतरतात. पण त्याचं एक बदक पाण्यात सोडलं की कलंडून पोट आभाळाला दाखवायचं.

त्या कानडी मुलखात माझं मराठी ऐकून तो खुलला. "स्वल्प थांबा," म्हणत त्याने बदक कानाशी हलवलं. आत पाणी खळखळलं. ते निथळवून त्याने जोडावर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि बाळाला तीट लावावी तसं बोटाने अलगद दाबलं. मग सगळी बदकं पाण्यात सोडली.

"बंदूक कुठंय?" मी विचारलं.

"विकली की. मारायला आता मन होत नाही. पण फसवायची हौस कुठं जाते?"

इतक्यात खऱ्या बदकांचा थवा आला, घिरटी घालून निघून गेला. म्हातारा आपल्या बदकांकडे बघत राहिला.

"सगळी एकाच दिशेला तोंड करून! ही काय शाळा आहे?"

गुडघाभर पाण्यात शिरून त्याने त्यांची तोंडं इकडेतिकडे वळवली. थोड्या वेळाने एक खरं बदक उतरलं, तरंगत जवळ आलं आणि मेण लावलेल्या बदकाला चोचीने टोचू लागलं.

म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. "भांडतंय बघा! खोटं वाटलं असतं तर भांडलं असतं का?"

आपल्या बदकाने मार खाल्ला म्हणून इतका हरखलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.