दोन रंगांचे ठिपके

माझ्या नवऱ्याला आलेख बघून राग येतो. लोकांना राजकारणावरून येतो, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून येतो, ह्याला वर्तमानपत्रातल्या रंगीबेरंगी आलेखांवरून येतो. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अक्षावर एकक लिहिलेलं नसलं की हातातला घास तसाच ठेवून तो मला अर्धा तास ते समजावून सांगू शकतो. मी एचएसआर लेआउटमधल्या एका लहानशा कंपनीत हिशेब बघते आणि दिवसभर माझ्यापुढे स्प्रेडशीट उघडी असते. त्यामुळे अक्कांच्या दुखण्याच्या नोंदी ठेवायची वेळ आली तेव्हा त्या मीच ठेवणार, हे न बोलताच ठरलं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धाकट्या भावंडांची हाक सगळ्या घराने उचलली, आणि त्यांचा मुलगाही आईला अक्काच म्हणतो. त्यांचं घराणं इथे कन्नड मुलुखात कित्येक पिढ्यांचं, घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत, आणि मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नाही. लग्न करून मी पुण्याहून आले तेव्हा थोडंसाठी त्यांचं ‘स्वल्प’ आणि बरंसाठी ‘सरी’ ऐकून मनातल्या मनात हसायचे. आता माझ्या तोंडून तेच ऐकून ऑफिसातल्या पुण्याच्या मुली हसतात.

अक्कांना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग दोन्ही हात जड झाले. कापडाच्या दुकानदारांच्या घरात वाढलेली ही बाई, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पदर धरून रेशीम खरं की खोटं ते सांगायची. तिला आता पोलक्याचं हुक लावायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाले, गोळीचा असर दिवसभर सारखा राहत नाही, चढतो आणि उतरतो. तो कधी उतरतो ते कळलं तर गोळी वाढवायची, की वेळ बदलायची, की आहे तसंच चालू ठेवायचं ते ठरवता येईल. तुम्ही तीन महिन्यांनी याल तेव्हा मी यांना दहा मिनिटं बघणार, म्हणाले, बाकीचं तुम्हीच मला दाखवा.

नोंदी दोन प्रकारच्या होत्या. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अक्कांना विचारायचं, हात आत्ता कसे वाटतात, दहापैकी किती. आणि मग मोबाइलवरच्या दोन गोलांवर त्यांनी बोटाने आलटूनपालटून टपटप करायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा झालं ते मोबाइल मोजायचा. मी घरून काम करते ते दिवस माझे आणि बाकीचे, दुपारी जेवायला घरी येणाऱ्या नवऱ्याचे, अशी वाटणी झाली. हिशेबातल्या सवयीने मी प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी घेतली त्याच्या नावाचं पहिलं अक्षरही टाकायला लावलं. त्यावरून नवरा मला ऑडिटर म्हणाला.

पहिला आलेख मी स्प्रेडशीटमध्ये काढला. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात घातल्या तर टपटपीचे आकडे मोठे, त्यामुळे दहापैकीचे गुण तळाशी आडवे होऊन पडले. मला हवे होते ते गुण. म्हणून टपटप काढून टाकली, गुणांची रेघ सरासरी काढून गुळगुळीत आणि जाड केली, तिला गुलाबी रंग दिला, आणि कागद छापून फ्रिजवर लावला. दर आठवड्याला नवा कागद लागायचा. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यापासून रेघ वर चढायला लागली, तशी मी हरखून गेले. पुण्याला आईला फोन केला, रविवारी शिरा केला. अक्का ओट्याजवळच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि हसत होत्या.

नवरा मात्र फ्रिज उघडताना दर वेळी नाक मुरडायचा. त्याचं म्हणणं, हा आलेख नाही, रुखवतावर ठेवायची वस्तू आहे. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदीत जेवढं अंतर, तेवढंच संध्याकाळच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या नोंदीत, मधली सगळी रात्र गेली कुठे? सरासरीत दुपार बुडाली कशी? ठिपके कुठे आहेत? डॉक्टरांना असलं काही दाखवायला मी येणार नाही, असंही म्हणाला. मी म्हटलं, मग तू काढ. तर त्याला पेपर तपासायचे होते.

भेट जवळ आली होती आणि टोमणे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मी ठरवलं, शास्त्रज्ञ लोक वापरतात तसलंच काहीतरी सॉफ्टवेअर शोधायचं आणि ह्याचं तोंड बंद करायचं. शोधायला गेले आणि भांबावले. एक होतं ते फुकट, सगळं जग त्याचं कौतुक करत होतं, पण त्यात चित्र काढायचं नसतं, त्यासाठी आज्ञा लिहायच्या असतात. नवऱ्याने मोठ्या हौसेने मला चार ओळी लिहून दिल्या, चित्र देखणं आलं. दुसऱ्या दिवशी नव्या नोंदी घालायला गेले तर पडदाभर लाल अक्षरं. एक स्वल्पविराम राहिला होता, हे कळायला त्याला कॉलेजातून घरी यावं लागलं. मग प्रयोगशाळांसाठी केलेलं एक विकतचं बघितलं. सगळं माऊसने, सगळं गोड. किंमत वाचली आणि खिडकी बंद केली. तिसरं ब्राउझरमध्येच चालायचं, पण ते अक्कांच्या नोंदी स्वतःकडे ठेवून घेणार होतं आणि ते मला पटलं नाही.

या सगळ्यात मला हवं ते काय, हे माझं मला कळायला लागलं. अक्कांची सकाळची कॉफी होईपर्यंत, कुणालाही हाक न मारता, मला तो आलेख काढता आला पाहिजे. वेळ ही वेळेसारखीच मांडली गेली पाहिजे. आणि दोन वेगळ्या गोष्टी एकीखाली एक, एकाच काळाच्या रेषेवर दिसल्या पाहिजेत. असं एक मिळालं शेवटी. कुठल्यातरी विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं, फुकट, दिसायला अगदी रया गेलेलं, बटणं जुन्या रेडिओसारखी. पण समोर नोंदींचा तक्ता ठेवायचा आणि कुठला रकाना कुठे जाईल ते माऊसने सांगायचं, एवढंच. मी त्याला सुट्टीच्या अर्ध्या दिवसात ताब्यात आणलं.

वरच्या चौकटीत गुण, खालच्या चौकटीत टपटप. सरासरी नाही, प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. रंग कशावरून द्यायचा असं सॉफ्टवेअरने विचारलं, तेव्हा काही सुचेना म्हणून ‘नोंद कोणी घेतली’ हा रकाना दिला. माझे ठिपके केशरी, नवऱ्याचे निळे. दिसायला बरं दिसेल, एवढाच विचार.

चित्र आलं आणि मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. खाली टपटपीचे ठिपके हळूहळू उतरत चालले होते, दुपारचे तर चांगलेच. वर माझे केशरी ठिपके चढत होते. आणि निळे? ते टपटपीबरोबर मुकाट खाली येत होते. जणू दोन घरांतल्या दोन वेगळ्या बायकांचे हात असावेत. मी रकाने तपासले. अक्ष उलटा झाला का ते पाहिलं. शेवटी नवऱ्याला बोलावलं. तो वाकून एकेक ठिपका बघत गेला आणि या वेळी त्याने आलेखाला नावं ठेवली नाहीत.

“आलेख बरोबर आहे,” तो म्हणाला. “अक्का मला एक सांगते आणि तुला एक.”

मग मी तारखा बघितल्या. केशरी आणि निळे ठिपके सुरुवातीला एकत्रच होते. मी पहिला कागद फ्रिजवर लावला त्या आठवड्यापासून ते वेगळे झाले होते.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. तीन महिने मी मीटिंगा सोडून, जिना चढून, मोबाइल हातात धरून त्यांच्यापुढे बसत होते, आणि त्या मला फसवत होत्या. मुलाला खरं आणि सुनेला खोटं. शेवटी मी परकीच, असंही मनात येऊन गेलं. आणि भीती तर होतीच. हा गुलाबी कागद डॉक्टरांपुढे गेला असता तर ते म्हणाले असते, छान चाललंय, आहे तसंच चालू ठेवा. दुपारी अक्का कॉफी घेईनाशा झाल्या होत्या. उष्णता होते म्हणायच्या, आणि मी ते ऐकून घेतलं होतं. आता कळलं, त्यांना पेला धरवत नव्हता.

दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. भांडायचं ठरवूनच गेले होते. चित्र दाखवलं, केशरी म्हणजे मी, निळे म्हणजे तो, हे सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या चोरी सापडलेल्या मुलीसारख्या पदराकडे बघायला लागल्या.

“तू केवढ्या आशेने विचारतेस गं,” त्या म्हणाल्या. “चार म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतं. मग संध्याकाळपर्यंत तू गप्प. सहा म्हटलं, सात म्हटलं, की गाणं म्हणत भाजी चिरतेस. मला वाटलं, स्वल्प वर सांगितलं तर कुणाचं काय जातंय.”

“आणि त्याला?” मी विचारलं.

“तो कुठे मान वर करतो. आकडा लिहितो आणि जातो. त्याला खरं सांगायला सोपं पडतं.” मग म्हणाल्या, “माझं दुखणं मला सोसतं. तुझं पडलेलं तोंड नाही सोसत.”

माझं भांडण जागच्या जागी विरलं. मला आईने रागावलेलं आठवतं, लाड केलेले आठवतात. पण माझ्या चेहऱ्यासाठी असं दिवसातून तीन वेळा, आपलेच हात पणाला लावून, कुणी खोटं बोललं असेल असं नाही आठवत. मी रडले, भरपूर रडले. त्यांचा तो जड हात माझ्या पाठीवर थरथरत फिरत होता. मी म्हटलं, अक्का, माझं तोंड पडू दे. पडलं तर पडलं, ते माझं मी बघून घेईन. तुम्ही मात्र मला खरं सांगायचं, त्याला सांगता तसं. त्या सरी म्हणाल्या, पण त्यांच्या ‘सरी’चा अर्थ दर वेळी होकारच असतो असं नाही, हे मला एव्हाना ठाऊक आहे. मी उठून फ्रिजवरचा कागद काढला. तर म्हणतात, काढलास कशाला, छान दिसत होता.

डॉक्टरांकडे नवा कागद नेला. नवराही आला, अगदी अभिमानाने. डॉक्टरांनी दोन रंगांचा अर्थ विचारला. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनीच सांगून टाकलं, केशरी ते सुनेला सांगितलेले, धरू नका. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खालच्या चौकटीतल्या दुपारच्या ठिपक्यांवर पेन फिरवलं, जेवण कधी होतं ते विचारलं, आणि गोळी न वाढवता दुपारची गोळी दोन भागांत करून अलीकडे आणली. घरी परतताना अक्का रिक्षात झोपून गेल्या.

दुपारी पुन्हा कॉफी सुरू झाली. पेला दोन्ही हातांत धरून, अर्धाच भरलेला, पण स्वतःच्या हाताने. त्या महिन्यांत केशरी आणि निळे ठिपके एकमेकांत मिसळत गेले, तरी सगळे नाही. मधूनच एखादा केशरी ठिपका वर तरंगताना दिसायचा आणि मला कळायचं, त्या दिवशी मी ऑफिसच्या कशावरून तरी वैतागून घरात वावरत होते. मी तो तसाच ठेवायचे. त्यांना बोलायची नाही.

दुखणं काही जाणारं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. थंडीच्या दिवसांत हात पुन्हा उतरायला लागले. परवा दुपारी मी त्यांच्यापुढे बसले. खिडकीतून खालच्या गल्लीतल्या हातगाड्यांचा आवाज येत होता. दहापैकी किती, मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा सांभाळायचा प्रयत्न केला नाही.

“दोन,” त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं, नीट पाहिलं, आणि मी वाट बघत राहिले की आता त्या तीन म्हणतील, चार म्हणतील. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

“दोनच,” त्या म्हणाल्या. “लिही.”