सभेबाहेर गेलेली गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथंसुद्धा भलतंच काहीतरी मागून परत आलो. मग तुम्हाला का सांगतोय? मला नीट सांगता येणार नाही. आमच्या डॉक्टरांच्या मंडळानं मला नानांचं चरित्र लिहायला सांगितलंय. "तुम्हीच त्यांच्या सगळ्यांत जवळचे," म्हणाले. मी हो म्हटलं. जन्म, शिक्षण, दवाखाना लिहून झालं आणि हात थांबला. पुढचं खरं लिहायचं तर — पण क्रमानं सांगतो.

नाना पार्स्याचे डॉक्टर. लोक त्यांना नाना दोतोर म्हणायचे. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या डॉक्टरांचं मंडळ त्यांनी उभं केलं, तेव्हा मी मुळगावात नवा दवाखाना थाटला होता. दुसऱ्या मंडळांत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असेल — हार, भाषणं, जेवण. नानांच्या मंडळात तसलं काही नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी शाळेच्या एखाद्या वर्गात जमायचं, मुलांच्या बाकांवर बसायचं आणि आपली चूक सांगायची. कुठला रोगी आपल्या हातून बिघडला, कुठे निदान हुकलं. सगळ्यांनी ऐकायचं, शिकायचं. नियम एकच — इथलं इथंच ठेवायचं.

पहिल्या सभेत कोण बोलणार? कुणीच तयार नव्हतं. मग नाना स्वतः उठले.

नदीकाठच्या चोपडे गावातल्या शाबीचा मुलगा त्यांच्याकडे आला होता. शाबी नदीत जाळं टाकून पोट भरणारा. मुलाचा घसा सुजलेला, अंगात ताप. बाहेर रोग्यांची रांग. मुलाची आई सांगत होती, मागे एकदा सुई दिल्यावर याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या — नानांनी ते अर्धंच ऐकलं आणि पेनिसिलिन टोचलं. मूल आईच्या मांडीवरच गेलं. नानांनी आईबापांना सांगितलं, ताप डोक्यात गेला.

"त्यांना खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही," नाना म्हणाले. "अजून होत नाही. म्हणून हे मंडळ."

आणि मी? माझे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते. पुढे खाणीवर कामाला आलेल्या एका बेळगावकडच्या माणसानं बायकोला माझ्याकडे आणलं, तेव्हा सुई भरून घेतलेला हात मी मागे घेतला आणि विचारलं, "आधी कधी त्रास झाला होता?" झाला होता. ती बाई जगली. चोपड्याच्या त्या मुलामुळे जगली, नानांमुळे जगली. हे मला माहीत होतं. हे सगळं माहीत असून मी जे केलं ते केलं.

मग भाषेचं आंदोलन पेटलं. राजभाषा मराठी की कोंकणी — भावाभावांत बोलणं बंद झालं. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसगाड्या बंद. आमच्या भागात मराठीचा जोर. मंडळानं मराठीच्या बाजूनं ठराव करावा अशी मागणी आली. नाना घरात मराठी पोथी वाचणारे, नाटकाचे शौकीन, पण त्यांनी साफ नकार दिला. "जखमेला भाषा नसते," म्हणाले आणि दोन्हीकडच्या पोरांची डोकी एकाच टेबलावर शिवत राहिले. वर मंडळाचा चिटणीस म्हणून त्यांनी डॉक्टर आग्नेल यांना नेमलं. नदीपलीकडचे, शिवोलीचे, आमच्या तालुक्यांबाहेरचे असूनही मंडळात आलेले, उघड कोंकणीवाले. फेरीबोटीनं चोपड्याला उतरून सभेला यायचे.

चिटणीस मला व्हायचं होतं.

बघा — हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी नंतर स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो. घाबरलो होतोच. पण नुसती भीती असती तर मी गप्प बसलो असतो, नाही का?

एका संध्याकाळी मराठीच्या आंदोलनातली चार माणसं माझ्या दवाखान्यात येऊन बसली. सगळे ओळखीचे, माझेच रोगी. "तुमचो नानो कोणाच्या बाजूचो?" एकानं विचारलं. दुसरा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "आनी तुम्ही?" मी हसण्यावारी नेलं. मग ते नानांचं मोठेपण बोलू लागले. माणूस देव आहे, म्हणून तर ऐकून घ्यावं लागतं, असं काहीतरी. आणि माझ्या तोंडून निघालं —

"देव कसला? चोपड्याचं एक पोर त्यांच्या सुईनं मेलं, आणि बापाला सांगितलं तापानं गेलं."

निघालं, असं म्हणतोय. शब्द काय आपले आपण निघतात? मी बोललो. "कोणाचा पोर?" कुणीतरी विचारलं. मी नाव घेतलं नाही. त्याचंही मला पुढे बराच काळ समाधान वाटायचं — नाव नाही सांगितलं! गाव सांगून झालं होतं. चोपड्यात असं मूल गेलेली घरं असून किती असणार?

पुढच्या सभेची जागा ठरवायला मी पार्स्याला गेलो होतो. नानांच्या समोरच बसलो होतो. शाबी आत आला. अंगावर कामाचेच कपडे, पायांना नदीचा चिखल. रोगी उठून भिंतीला लागले.

"नाना, खरां?"

नाना उभे राहिले. तो कशाबद्दल विचारतोय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"खरां, शाबी."

"मगे माका लोकांच्या तोंडासून कित्याक कळला?"

लोकांच्या तोंडून का कळलं, एवढंच तो विचारत होता. शाबीनं त्यांच्यावर हात उगारला नाही. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला, मूल आत्ताच गेल्यासारखा. नाना जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. आणि मी खुर्चीत. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला नाही, प्यायलोही नाही.

शाबी गेला. पण इतरांना निमित्त मिळालं होतं. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या खिडक्या फुटल्या. ज्यांच्या पिढ्या नानांच्या हातावर जन्मल्या ते म्हापशाच्या डॉक्टरांकडे जाऊ लागले.

नाना आणखी एकाच सभेला आले. त्यांना राग नव्हता. तेच सहन होईना. म्हणाले, "जो बोलला तो खोटं बोलला नाही. त्या बापाला ते मीच सांगायला हवं होतं. पण आता या वर्गात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, याचं वाईट वाटतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि बसले. सगळ्यांच्या नजरा आग्नेलवर. तो दुसऱ्या बाजूचा, त्यानंच फोडलं असणार! कुणी उघड म्हणालं नाही. आग्नेल लाल झाले, माझ्याकडे बघितलं त्यांनी — मी त्यांचा मित्र होतो. मी बाकावर कुणा मुलानं कोरलेलं नाव वाचत बसलो.

आग्नेल पुन्हा आले नाहीत. चिटणीस मी झालो. पुढे अध्यक्षही. भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, आमचं मंडळ वाढलं. व्याख्याते येऊ लागले, हार आले, जेवणं आली. चूक मात्र कुणी सांगेना. नानांनी ज्यासाठी मंडळ उभं केलं तेवढंच त्यात उरलं नव्हतं.

राज्य झाल्यानंतर काही वर्षांनी नाना गेले. दवाखाना अर्धा वेळ उघडा असायचा, येणारे थोडे. शाबीची बायको शेवटपर्यंत औषधाला त्यांच्याकडेच यायची म्हणतात. का यायची, मला कळलेलं नाही.

प्रेतयात्रेला आग्नेल आले होते. केस पांढरे झालेले. स्मशानातून परतताना माडांखाली त्यांनी मला थांबवलं. "तूं तरी पातयेता मरे? हांवें सांगूंक ना." तू तरी विश्वास ठेवतोस ना, मी नाही सांगितलं. एवढंच त्यांना हवं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. नाना जळत होते. खरं बोलून माझं तेव्हा काय बिघडणार होतं?

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या डॉक्टर. आम्ही तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

त्यांनी माझा हात खांद्यावरून हळूच काढला. फेरीच्या वाटेनं खाली उतरत गेले. मी त्यांना हाक मारली नाही. आता तेही नाहीत.

नानांची गोष्ट आग्नेलनं बाहेर नेली नव्हती. मी नेली.