गाडीची उचकी

आमची चौकी गडचिरोलीच्या जंगलात, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे होती. मी हवालदार, एम.टी. सेक्शन, म्हणजे गाड्यांची देखभाल. सुरुंगाच्या भीतीने जीप बंद होती. गस्त मोटारसायकलवर, पायवाटेने. पेट्रोल माणसे कॅनमधून वाहून आणत. त्यामुळे ॲव्हरेज वाढवणाऱ्या मेकॅनिकला तिथे मान होता.

मी ते वाढवले. पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये, हँडलच्या मुठीतल्या थ्रॉटलच्या केबलबरोबर वरखाली होणारी स्लाइड असते. तिच्या खालच्या कडेला, हवा आत येते त्या बाजूने, तिरपा काप असतो. सगळ्या गाड्यांचा तो काप मी कानशीने मोठा केला. थ्रॉटल उघडताना हवा जास्त, पेट्रोल कमी. साहेबांनी फॉलइनमध्ये, सगळ्यांच्या रांगेसमोर शाबासकी दिली. फक्त थ्रॉटल एकदम दिला, तर गाडी क्षणभर अडखळायची, मग पळायची.

कॉन्स्टेबल सादिक बल्लारपूरचा. एकदा म्हणाला, "हवालदारभाऊ, गाडीले उचकी लागून राह्यली."

"तुही बायको आठवण काढत असन."

"मंग गाडीले काऊन लागते? मले लागाले पायजे!"

सगळे हसले. मीही हसलो. काप तसाच राहिला.

त्या सकाळी नाला ओलांडताना समोरून फायर आला. वायरलेस सेटवर पार्टी कमांडरचा आवाज, "थांबू नका! निघा, निघा!"

सादिक सर्वांत पुढे होता. मी शेवटच्या गाडीवर, मागे बसलेला. त्याचे कोपर झटक्यात खाली गेलेले मी पाहिले. पूर्ण थ्रॉटल. गाडी खोकली आणि बंद पडली. त्याने किकवर पाय ठेवला, तेवढ्यात गोळी लागली. तो जागीच गेला.

गाडी चौकीत आणल्यावर मी कार्बोरेटर उघडला. स्लाइडवर माझ्या कानशीचे ओरखडे चमकत होते. ती पुसून मी परत बसवली.

चौकशीत विचारले, "गाडी ठीक होती?"

"ठीक होती, सर."

निष्कर्ष निघाला: चालकाने घाबरून गाडी बंद पाडली.

बऱ्याच वर्षांनी, यंदा बल्लारपूरला जाऊन मी सादिकच्या बायकोला, शबानाबाईंना, सगळे सांगितले. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"गाडीचं समजलं, भाऊ. पन माह्या पोराले लोक भेकडाचा पोरगा म्हणत, तवा तुम्ही कुठी होता?"

मी बदली होऊन चंद्रपूरला होतो. अर्ध्या तासाच्या रस्त्यावर.

कॉन्स्टेबल सादिक घाबरला नव्हता. त्याने थ्रॉटल वेळेवर दिला होता.